मुखवटा काढल्यावर

दिवाळी अंकाची कामं आंबे संपता संपता सुरू होतात. जूनमध्ये संपादकांचा फोन आला. "यंदाचा विषय 'मुखवटा'. दशावतार दिला, बोहाडा दिला, सोंगी भारूडही गेलं. तुम्ही काय देताय?"

"मी भाचीकडे चाललोय. अमेरिकेत, सिनसिनाटीला."

"मग तिथं कुठला मुखवटा?"

तिथला मुखवटा लोखंडी सळ्यांचा असतो. बेसबॉलमध्ये बॅट घेऊन उभ्या असलेल्या खेळाडूच्या मागे एक माणूस उकिडवा बसलेला असतो, त्याच्या तोंडावर. त्याला कॅचर म्हणतात. सिनसिनाटीत १४ जुलै १९७० च्या रात्री एका तेवीस वर्षांच्या कॅचरनं हा मुखवटा काढून बाजूला टाकला आणि पुढच्या काही क्षणांत जे झालं ते आयुष्यभर त्याच्या खांद्यावर राहिलं. सामना प्रदर्शनी होता. त्यावर कुठल्या संघाचं विजेतेपद अवलंबून नव्हतं. संपादकांना एवढं सांगितलं. ते म्हणाले, "ऑगस्टअखेर द्या. आणि बेसबॉल येत नाही असं समजून लिहा." तसंच लिहितोय.

चौकातले पुतळे

सिनसिनाटी हे ओहायो नदीच्या काठावरचं शहर. नदी ओलांडली की केंटकी राज्य लागतं. काठाला लागूनच तिथल्या रेड्स संघाचं स्टेडियम आहे, आणि त्याच्या दारापुढच्या चौकात पुतळे आहेत. आपल्याकडे पुतळे चौथऱ्यावर एकेकटे उभे असतात. इथं शिल्पकारानं खेळ मांडलाय. जो नक्सहॉल चेंडू टाकतोय, फ्रँक रॉबिन्सन बॅट सरसावून उभा आहे आणि कॅचर अर्नी लोंबार्डी चेंडूची वाट बघतोय. दुसरा कॅचर जॉनी बेंच, तो चेंडू फेकण्याच्या पवित्र्यात. आणि पीट रोझ जमिनीला समांतर, हवेत. दोन्ही हात पुढे, डोकं पुढे, बेसकडे झेपावलेला. आम्ही गेलो तेव्हा त्याच्याचपाशी फोटो काढणाऱ्यांची रांग होती.

भाचीचा अकरा वर्षांचा मुलगा माझा वाटाड्या. तो शाळेच्या वयाच्या मुलांच्या लीगमध्ये कॅचर म्हणून खेळतो. रोझनं किती यशस्वी फटके मारले ते त्याला तोंडपाठ होतं: ४,२५६, बेसबॉलमधला विक्रम. मी विचारलं, "आणि रे फॉसी?"

"हू?" तो म्हणाला.

फॉसी म्हणजे त्या रात्री मुखवटा काढणारा तो कॅचर. त्याचा पुतळा इथं असायचं कारणही नाही. तो पाहुण्या संघाचा. आणि ते प्रकरण घडलं ते रिव्हरफ्रंट स्टेडियमही आता नाही. ते शेजारीच होतं. २००२ च्या डिसेंबरात सुरुंग लावून पाडलं.

उकिडवा माणूस

आत जाऊन होम प्लेटच्या मागे, वरच्या मजल्यावर बसलो. होम प्लेट म्हणजे जिथे बॅटवाला उभा राहतो ती पाटी; तिथून निघून तीन बेस फिरून तो परत तिथे पोचला की धाव होते. क्रिकेटवर पोसलेल्या डोळ्यांना सवय असते गोलंदाजाकडे बघायची. मी ठरवून फक्त कॅचरकडे बघितलं.

यष्टिरक्षकाचाच हा भाऊ, असं पहिल्यांदा वाटतं. नरेन ताम्हाण्यांबद्दल वडीलधारी मंडळी सांगत, की ते यष्टीमागे आहेत हे कळतही नसे. पण फरक लवकर लक्षात येतो. चेंडू टाकणारा पिचर साडेसाठ फुटांवर असतो आणि चेंडू टप्पा न पडता येतो. बॅटवाल्यानं फटका मारला नाही किंवा चुकवला, की प्रत्येक चेंडू कॅचरकडे. दर वेळी खाली बसायचं, झेलायचा, परत फेकायचा, पुन्हा खाली बसायचं. एका सामन्यात साधारण दीडशे वेळा. मी मोजायला बसलो होतो. चौथ्या डावात नाद सोडला.

आणखी एक गोष्ट वरून नीट दिसते. मैदानात त्याच्या संघाचे बाकी आठ जण होम प्लेटकडे तोंड करून उभे असतात. हा एकटा त्यांच्याकडे तोंड करून बसतो. सगळं मैदान त्यालाच दिसतं, म्हणून संघाचा कारभारही तोच चालवतो. कोणी कुठे सरकायचं हे तो हातानं सांगतो. पुढचा चेंडू कुठला टाकायचा हेही तोच सुचवतो. पूर्वी ते मांड्यांच्या आड बोटांनी चाले. एक बोट म्हणजे वेगवान चेंडू, दोन म्हणजे वळणारा. रात्रीच्या सामन्यात बोटं दिसावीत म्हणून नखांना रंग लावत किंवा पांढरी पट्टी गुंडाळत. २०२२ पासून बटणांचं यंत्र आलंय. कॅचर बटण दाबतो आणि पिचरच्या टोपीत आवाज येतो.

तिसरं काम चोरटं आहे. होम प्लेट सतरा इंच रुंद. चेंडू तिच्यावरून, बॅटवाल्याच्या गुडघ्यांपासून छातीच्या आसपासच्या पट्ट्यातून गेला तर 'स्ट्राइक', आणि असे तीन झाले की बाद; बाहेरून गेला तर 'बॉल'. पंच कॅचरच्या डोक्यावरून वाकून बघत असतो. काठावरचा चेंडू झेलताना चांगला कॅचर मिट, म्हणजे तो जाडजूड चामडी हातमोजा, इंचभर आत आणतो. इतक्या अलगद, की चेंडू तिथूनच आला असं वाटावं. तराजूच्या काट्याला भाजीवाल्याची करंगळी लागावी, तसं. याला खेळात फसवणूक म्हणत नाहीत, कसब म्हणतात. त्याचे पगारात पैसे मिळतात.

आणि या सगळ्याची किंमत शरीर देतं. बॅटची कड लागून मागे उडालेला चेंडू तोंडावर, गळ्यावर, बोटांवर बसतो. हार्वर्डच्या फ्रेड थेयरनं १८७७ च्या सुमारास तलवारबाजीच्या जाळीवरून पहिला मुखवटा बनवून घेतला. त्याआधीचे कॅचर उघड्या तोंडानं बसत. पायांची कवचं १९०७ मध्ये रॉजर ब्रेस्नहननं आणली. गळ्यापुढे लोंबणारी पट्टी १९७६ नंतरची. स्टीव्ह येगर नावाच्या कॅचरच्या मानेत तुटलेल्या बॅटचे तुकडे घुसले, तेव्हा ती निघाली. या सगळ्या साजाला खेळाडू 'अडाण्याची हत्यारं' म्हणतात. हा शब्द वकिली शिकलेल्या मडी रूएल नावाच्या कॅचरच्या नावावर सांगतात. शहाणा माणूस ही जागा पत्करणार नाही, असा त्यातला टोमणा.

पाहुण्यांचा सामना

१९७० चा तो प्रदर्शनी सामना म्हणजे ऑल-स्टार सामना. आता ऑल-स्टार म्हणजे काय ते सांगायला हवं. अमेरिकेतल्या मोठ्या बेसबॉलच्या दोन शाखा आहेत, नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग. मोसमाच्या मध्यावर दोन्हींतले निवडक खेळाडू एक दिवस एकमेकांविरुद्ध खेळतात. १९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानं आर्च वॉर्ड या क्रीडापत्रकारानं ही कल्पना काढली आणि ती रुजली.

या सामन्यांत कॅचरची कामगिरी म्हटलं की जाणकार १९३४ सालात जातात. न्यूयॉर्कला कार्ल हबेल चेंडू टाकत होता, मागे गॅबी हार्टनेट बसला होता. पहिले दोघे बेसवर पोचले. मग बेब रूथ, लू गेरिग, जिमी फॉक्स, अल सिमन्स, जो क्रोनिन असे पाच महारथी ओळीनं बाद झाले. हबेलचं नाव अमर झालं. त्या पाचही वेळा चेंडू ज्याच्या मिटमध्ये विसावला त्या हार्टनेटचं नाव त्याच्यामागे, धाकट्या टाइपात येतं. आणि ती ओळ मोडली कोणी, तर समोरच्या संघाच्या कॅचरनं. बिल डिकी.

त्या काळी दोन लीगचे संघ मोसमात एकमेकांशी खेळतच नसत. गाठ पडायची ती दोन्ही लीगच्या विजेत्यांमधल्या वर्ल्ड सिरीजमध्ये, नाहीतर या एका सामन्यात. त्यामुळे नावाला प्रदर्शनी असला तरी ईर्ष्या खरी होती. सिनसिनाटीची तर फारच. १९५७ मध्ये संघ प्रेक्षकांच्या मतांवर निवडायचा होता. इथल्या लोकांनी छापील मतपत्रिका पोत्यानं पाठवल्या आणि नॅशनल लीगच्या संघात बहुतेक सगळे सिनसिनाटीचेच निवडून आले. खेळाच्या आयुक्तांनी दोघांना हाताला धरून बाहेर काढलं आणि प्रेक्षकांचा मताधिकारच काढून घेतला. तो परत मिळाला १९७० मध्ये, म्हणजे सामना सिनसिनाटीत भरणार होता त्याच वर्षी.

बारावा डाव

रिव्हरफ्रंट स्टेडियम उघडून तेव्हा दोनच आठवडे झाले होते. पन्नास हजारांवर प्रेक्षक आले होते. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी पहिला चेंडू फेकला.

रे फॉसी क्लीव्हलँडचा. इलिनॉय राज्यातल्या मॅरियन या लहान गावचा मुलगा. १९६५ मध्ये नव्या खेळाडूंची वाटणी पहिल्यांदा सुरू झाली, तेव्हा क्लीव्हलँडनं सर्वांत आधी उचललेला. १९७० च्या त्या अर्ध्या मोसमात त्यानं सोळा होमरन, म्हणजे थेट कुंपणापलीकडे जाणारे फटके, मारले होते. एकूण बॅटिंगचं प्रमाण, सोप्या हिशेबात, दहा संधींत तीनपेक्षा जास्त वेळा यशस्वी फटका. हे प्रमाण कॅचरसाठी फार मोठं, कारण त्याच्याकडून बॅटिंगची अपेक्षा दुसऱ्या क्रमांकाची असते. तरी तो राखीव होता. बिल फ्रीहननं सुरुवात केली आणि मध्यावर फॉसी आत आला.

आला आणि खेळला. एक फटका मारून बेसवर पोचला आणि त्याच्या संघाची पहिली धाव त्यानंच पळून काढली. पुढे उंच फटका मारून, स्वतः बाद होऊन दुसऱ्याला घरी आणलं. शेवटच्या, नवव्या डावापर्यंत अमेरिकन लीग ४-१ अशी पुढे होती. मग नॅशनल लीगचा कॅचर डिक डिएट्झनं होमरन मारला, त्यामागून धावा आल्या आणि बरोबरी झाली. सामना लांबला. दहावा, अकरावा, बारावा डाव.

बाराव्यात दोन बाद. पीट रोझनं फटका मारला आणि पहिल्या बेसवर आला. एकोणतीस वर्षांचा, याच गावात जन्मलेला, घरचा लाडका. आदल्या रात्री त्यानंच फॉसीला आणि क्लीव्हलँडचा पिचर सॅम मॅकडॉवेलला जेवायला नेलं होतं. रात्री उशिरापर्यंत गप्पा झाल्या होत्या. बिली ग्रॅबार्कविट्झच्या फटक्यावर रोझ दुसऱ्या बेसवर आला. मग जिम हिकमननं चेंडू मधल्या मैदानात तडकावला आणि रोझ सुटला. कॅचरनं चेंडू घेऊन त्याला शिवलं तर तो बाद, आधी प्लेटला हात लागला तर धाव.

पुढचं चित्रफितीत आहे. मी ती भाचीच्या घरी कितीदा थांबवून थांबवून पाहिली त्याचा हिशेब नाही.

मधल्या मैदानातून एमॉस ओटिस चेंडू उचलून होम प्लेटकडे फेकतो. तिसऱ्या बेसपाशी उभे असलेले प्रशिक्षक लिओ ड्युरोशर रोझला हातवारे करत त्याच्याबरोबरच धावू लागतात. फॉसीनं मुखवटा काढलाय. अशा वेळी तो काढतातच, कारण सळ्यांच्या आडून लांबून येणारा चेंडू नीट दिसत नाही. चेंडू थोडा तिसऱ्या बेसच्या बाजूला येतोय, म्हणून फॉसी तिकडे सरकतो. म्हणजे धावणाऱ्याच्या वाटेत. पाय रोवलेले, डावा हात पुढे, नजर चेंडूवर. रोझकडे तो बघत नाही. बघूच शकत नाही.

रोझ आधी झेपावणार असं वाटतं. मग तो झेप सोडून खांदा खाली घेतो आणि तसाच घुसतो. चेंडू येतो न येतो तोच धडक. फॉसी मागे कोलमडतो, गडगडतो. चेंडू निसटतो. रोझचा हात प्लेटला लागतो. ५-४. सामना संपला.

मागे बॅट घ्यायची वाट बघत उभा असलेला खेळाडू त्या प्रसिद्ध छायाचित्रात दिसतो. तो डिक डिएट्झ. म्हणजे तोही कॅचरच. एका कॅचरच्या अंगावर काय कोसळलं ते सर्वांत जवळून दुसऱ्या कॅचरनं पाहिलं.

हे सगळं नियमात बसत होतं. कॅचरला चेंडू घेताना वाट अडवायची मुभा होती आणि धावणाऱ्याला त्याला उडवून लावायची. कबड्डीत चढाई करणाऱ्याला मिठी मारून पाडतात त्यात कोणाला वावगं वाटत नाही, तसंच. रोझ पुढे सांगत राहिला, की त्या वेळी आपण अंग चोरलं असतं तर वडिलांच्या नजरेला नजर देता आली नसती. त्याचं टोपणनावच मुळी धडपडीवरून पडलेलं होतं. निम्म्या देशाला ते पटलं. उरलेल्या निम्म्यानं विचारलं, प्रदर्शनी सामन्यात?

क्ष-किरणांत न दिसलेलं

दुखापतींचा हिशेब विचित्र लागला. रोझच्या पायाला मार बसला आणि तो तीन सामने बाहेर बसला. फॉसी लगेच पुन्हा खेळायला लागला. डॉक्टरांनी क्ष-किरण काढले, पण सूज इतकी होती की डाव्या खांद्यातलं मोडलेलं हाड आणि निखळलेला सांधा दिसलाच नाही. ते कळलं पुढच्या वर्षी, तोवर हाड वेडंवाकडं सांधलं होतं. मधले महिने त्यानं हात खांद्यावर नीट उचलता येत नसताना काढले. उकिडवं बसून, दर चेंडूला तोच डावा हात पुढे करून. मिट डाव्याच हातात असतो.

अर्ध्या मोसमात सोळा होमरन मारणाऱ्या माणसानं उरलेल्या मोसमात दोन मारले. पुढे कारकीर्दभर एका वर्षात बारापेक्षा जास्त त्याला जमले नाहीत. फटके लागत राहिले, पण त्यातला जोर गेला.

फॉसी त्या रात्री संपला असं लिहायची पद्धत आहे. तसं झालं नाही. कॅचर म्हणून त्याचा हात तसाच चोख राहिला. त्याच १९७० चं आणि पुढच्या १९७१ चं, अशी सर्वोत्तम क्षेत्ररक्षणाची दोन्ही सुवर्ण ग्लोव्ह त्यानं मिळवली. १९७३ मध्ये तो ओकलंडला गेला आणि १९७३ व १९७४ अशा दोन वर्ल्ड सिरीज जिंकलेल्या संघात होता. दुखापतींनी मात्र पाठ सोडली नाही. १९७४ मध्ये कपडे बदलायच्या खोलीत दोन सहकारी जुंपले, हा सोडवायला मध्ये पडला आणि मानेची चकती चेपली. कॅचरचा स्वभाव. जिथे काही कोसळतंय तिथे आपण मध्ये उभं राहायचं.

जगाला या जागेचं दुखणं गमतीचं वाटतं, ही जुनी खोड. त्या चौकातल्या लोंबार्डीचंच बघा. १९३८ मध्ये तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९३९ च्या वर्ल्ड सिरीजच्या अखेरच्या सामन्यात, याच शहरात, चार्ली केलर धावत येऊन त्याच्यावर आदळला. लोंबार्डी भेलकांडून पडला. चेंडू शेजारी, आणि तेवढ्यात जो डिमॅजिओही धाव काढून गेला. वर्तमानपत्रांनी लिहिलं, लोंबार्डीला डुलकी लागली. मार लागलेल्या माणसाला झोपाळू ठरवून मंडळी मोकळी झाली. हॉल ऑफ फेममध्ये तो गेला १९८६ मध्ये. तोवर त्याच्या मरणाला नऊ वर्षं झाली होती.

फॉसीला निदान जिवंतपणी बोलायला मिळालं. १९८६ पासून पस्तीस वर्षं तो ओकलंडच्या सामन्यांचं समालोचन करत होता. दर जुलैला ऑल-स्टारचा आठवडा आला, की कोणी ना कोणी ती चित्रफीत लावायचं आणि त्याला पुन्हा विचारायचं. घरातल्या अपघाताची गोष्ट दर गणपतीला पाहुण्यांपुढे सांगायला लागावी, तसं.

वाट सोडा

२५ मे २०११ ला सॅन फ्रान्सिस्कोत बस्टर पोझी होम प्लेटपाशी बसला होता. आदल्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकलेल्या जायंट्सचा कॅचर, संघाचा कणा. फ्लोरिडाचा स्कॉट कझिन्स धावत आला आणि धडकला. पोझीच्या पायाचं हाड मोडलं, घोट्याचे स्नायुबंध तुटले, मोसम संपला. फॉसी त्या काळात खाडीपलीकडच्या ओकलंडच्या संघाचा समालोचक होता.

या वेळी मात्र खेळ हलला. दुखापतीचा भाव बदलला होता हे त्याचं एक खरं कारण. कॅचरवर संघ कोट्यवधी डॉलर लावत होते. त्याच सुमारास डोक्याला बसणाऱ्या धक्क्यांविषयी सगळेच खेळ हादरले होते. २०१४ पासून नियम आला. धावणाऱ्यानं आपली सरळ वाट सोडून कॅचरवर धडकायचं नाही. आणि चेंडू हातात नसताना कॅचरनं प्लेटची वाट अडवायची नाही. रोझ-फॉसीच्या रात्रीपासून चव्वेचाळीस वर्षं गेली होती.

नियमानं रांगडेपणा गेला, अशी कुरकुर अजून ऐकू येते. स्टेडियममध्ये माझ्या शेजारी बसलेले एक आजोबा रोझच्या नावाचा जुना शर्ट घालून आले होते. त्यांनी मला दोन डाव समजावलं, की खरा खेळ तो होता. मी विचारलं, तुमचा नातू कॅचर असता तर? ते हसले आणि शेंगा पुढे केल्या.

हेल्मेटवर टिचकी

ऑल-स्टार सामना आता पूर्वीइतका ईर्ष्येचा राहिलेला नाही. कॅचरला मात्र तिथं अजून कधी कधी न्याय मिळतो. २०२३ मध्ये सिॲटलला कोलोरॅडोचा एलियास डिआझ आठव्या डावात दुसऱ्याच्या जागी बॅट घेऊन आला. व्हेनेझुएलाच्या माराकायबोचा, बत्तीस वर्षांचा, पहिल्यांदाच या सामन्यात निवडलेला. फेलिक्स बाउतिस्तासारख्या तोफखान्यापुढे त्यानं चेंडू डाव्या बाजूच्या कुंपणापलीकडे टाकला. नॅशनल लीग ३-२ नं जिंकली, ओळीनं नऊ पराभवांनंतर. सर्वोत्तम खेळाडूचा मान डिआझला मिळाला. कोलोरॅडोच्या कुठल्याही खेळाडूला तो आधी मिळाला नव्हता. वर्षभरानं, ऑगस्ट २०२४ मध्ये, त्याच संघानं त्याला मोकळं केलं. कॅचरच्या कौतुकाची मुदत ही एवढी.

२०२५ चा सामना अटलांटात झाला. तिथली गोष्ट मला या विषयाला जास्त जवळची वाटते. पहिल्याच डावात टारिक स्कूबलनं मॅनी मचाडोला टाकलेला चेंडू पंचांनी 'बॉल' दिला. मागे कॅल रॅली बसला होता, सिॲटलचा कॅचर. आदल्याच दिवशी होमरनची स्पर्धा जिंकलेला. ती जिंकणारा तो पहिलाच कॅचर, आणि त्याच्यासाठी चेंडू टाकायला त्याचे वडील, झेलायला धाकटा भाऊ. रॅलीनं काही वाद घातला नाही. हेल्मेटवर टिचकी मारली. यंत्रानं चेंडूचा मार्ग पडद्यावर दाखवला. तिसरा स्ट्राइक. मचाडो बाद.

ही नवी पद्धत अशी, की पंचाच्या निर्णयाला आव्हान द्यायचं असेल तर ते फक्त पिचरनं, बॅटवाल्यानं किंवा कॅचरनं, तिथल्या तिथे, बाकावर न विचारता द्यायचं. संघाला दोन संधी, चुकलात तर एक गेली. २०२६ च्या मोसमासाठी लीगनं ती मंजूर केली. आता मिट इंचभर आत ओढायच्या कसबाची धार बोथट होणार, कारण यंत्राला करंगळी दिसते. त्याऐवजी नवं कसब लागणार आहे. कुठला चेंडू खरंच आत होता हे ओळखायचं आणि संधी कधी खर्च करायची हे ठरवायचं. सर्वांत जवळून बघणाऱ्याच्या शब्दाला पहिल्यांदाच कागदावर किंमत आली.

बागेतलं मैदान

परतायच्या आदल्या संध्याकाळी मुलाचा सराव बघायला गेलो. भाची म्हणाली, "मामा, तू नुसता बसून राहा हं. गुडघ्यांचे खेळ करू नकोस." मी केलेच. सराव संपल्यावर त्याचा मुखवटा तोंडावर चढवून त्याच्या जागी उकिडवा बसलो. घामाचा आणि ओल्या चामड्याचा वास. समोरचं सगळं मैदान चौकोना-चौकोनांत तुटलेलं. मुलानं पंधरा पावलांवरून हळूच चेंडू टाकला, तरी हात आपोआप तोंडापुढे आला. तिसऱ्या चेंडूला गुडघ्यानं आवाज केला. उठताना कुंपण धरावं लागलं.

त्याआधी त्यांच्या प्रशिक्षकानं होम प्लेटवरचा सराव घेतला होता. एक मुलगा तिसऱ्या बेसवरून धावत यायचा, दुसरा लांबून चेंडू फेकायचा, कॅचर झेलून त्याला शिवायचा. भाचीचा मुलगा दोन-तीनदा वाटेत जाऊन उभा राहिला. प्रशिक्षकानं प्रत्येक वेळी सराव थांबवला, त्याला दोन्ही खांद्यांना धरून प्लेटच्या पुढे सरकवलं आणि मातीत पायानं एक पट्टा ओढून दाखवला. ही त्याची वाट, ही तुझी जागा. चेंडू हातात येईपर्यंत ही वाट तुझी नाही. चौथ्या वेळी मुलगा बरोबर उभा राहिला. धावणारा पट्ट्यातून घसरत गेला, यानं बाजूनं मिट लावला, दोघं हसत उठले.

घरी आल्यावर त्याला चित्रफीत दाखवली. त्यानं ती एकदाच पाहिली. म्हणाला, "आजोबा, ही वॉज स्टँडिंग राँग." फॉसी चुकीच्या जागी उभा होता. त्याला सांगितलं, की तेव्हा ती जागा बरोबर होती. तो तिथं उभा होता म्हणून तुला आज दुसरी शिकवली.

रे फॉसी १३ ऑक्टोबर २०२१ ला कर्करोगानं गेला, चौऱ्याहत्तराव्या वर्षी. जुगारापायी १९८९ मध्ये खेळातून बाहेर काढलेला पीट रोझ ३० सप्टेंबर २०२४ ला गेला. त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता हरलेल्या बाजूचा कार्ल यास्त्रेम्स्की, चार फटक्यांसाठी, आणि ते योग्यच होतं. धावफलकावर फॉसीच्या नावापुढे नोंद आहे: एक फटका, एक धाव, एक धाव मिळवून दिली. बाराव्या डावातल्या त्या चेंडूची त्याच्या नावापुढे काहीच नोंद नाही.